आउटबोर्डची बोट: चालवून बिघडत नाही, ठेवून बिघडते

अलिबाग-मुरुडपासून मालवण-देवबागपर्यंत हौसेने स्वतःची स्पीडबोट ठेवणारे आता बरेच झालेत. बोट बहुतेकांची सारख्याच चणीची असते: सोळा ते अठरा फुटी फायबरची, मागे बाहेरून टांगलेलं ५० ते ७० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. घेताना सगळे विचारतात, 'पळते किती?' धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ आहे का, हे कुणी विचारत नाही. खरं तर आधी तेच विचारायला हवं. किनाऱ्यावर जी आउटबोर्ड लवकर भंगारात जातात, त्यातली फार थोडी वापराचे तास भरून जातात. बाकीची मिठाने आणि बसून राहिल्याने जातात.

आउटबोर्ड थंड राहतं ते समुद्राच्याच पाण्यावर. गाडीसारखा रेडिएटर नाही, कूलंट नाही. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायात रबरी पात्यांचा एक छोटा इंपेलर असतो. तो पाणी ओढून वर इंजिनात ढकलतो, आणि त्यातली थोडी धार मागून बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. इंजिन चालू केलं की गप्पा नंतर, आधी मागे वाकून धार बघायची. जोरात आणि एकसारखी असली तर ठीक. बारीक किंवा तुटक असेल तर इंजिन बंद करून आधी धारेचं भोकच तपासा, कारण बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. मीठ साचलेलं असतं, वाळूचा कण अडकलेला असतो, नाहीतर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. मासेमारीच्या जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा आत सरकवला की मोकळं होतं. तरीही धार आली नाही, तर इंपेलर गेला असं धरून चालायचं.

पाण्याबाहेर इंजिन 'एकदा फक्त लावून बघू' म्हणून चालू करणं हे इंपेलर मारण्याचं सगळ्यात जलद साधन. या रबराला पाणी हेच वंगण असतं. कोरडं फिरलं की काही सेकंदांत पाती जळायला लागतात, आणि तुटलेले तुकडे वर जाऊन पाण्याच्या वाटेत बसतात. मग नवा इंपेलर टाकूनही इंजिन तापतं आणि मेकॅनिकही बुचकळ्यात पडतो. बदलताना जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते शोधून काढल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. वाळूमिश्रित खाडीत चालणाऱ्या बोटीला दरवर्षी नवा इंपेलर टाकावा, सोबत त्याखालची पत्र्याची चकतीही. पत्र्यावर चरे पडलेले असले तर नवं रबरही जोर धरत नाही.

गोडं पाणी देण्याच्या दोन रीती

दोन्ही रीतींची सरमिसळ होते आणि तिथेच नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर.

पहिली रीत इंजिनाच्या बाजूला दिलेल्या पाईपच्या जोडाची. बागेचा पाईप लावायचा, नळ सोडायचा आणि इंजिन बंदच ठेवायचं. बहुतेक मॉडेलमध्ये हे पाणी वरून इंजिनात जाऊन खाली उतरतं आणि इंपेलरपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणजे पाणी चालू आहे या भरवशावर इंजिन लावलंत, तर वर पाणी आणि खाली कोरडा इंपेलर अशी गत होते.

दुसरी रीत 'कानां'ची. खालच्या पायावरच्या पाणी ओढायच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी रबरी वाट्या बसवायच्या, आधी पाणी सोडायचं आणि मग इंजिन चालू करायचं. न्यूट्रलमध्ये, आयडलवर, दहा-पंधरा मिनिटं. बंद करताना उलट क्रम: आधी इंजिन, मग नळ. वाट्या घसरतात, म्हणून तिथून हलायचं नाही. पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कुणाला उभं राहू द्यायचं नाही, आणि जमलं तर पंखा काढूनच ठेवायचा.

नळाला दाब नसेल तर कोकणातला तिसरा उपाय आहेच: दोनशे लिटरचं पिंप अर्धं कापायचं आणि पाय त्यात बुडवायचा. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर राहिलं पाहिजे. काही मिनिटांत ते पाणी चवीला जाणवण्याइतकं खारट होतं, म्हणून एकदा पाणी बदलून पुन्हा चालवायचं. एकाच पिंपात अर्धा तास चालवणं म्हणजे मीठ धुऊन पुन्हा तेच मीठ पाजणं.

हे सगळं परत आल्याबरोबर करायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. गरम इंजिनात उरलेलं पाणी उडून जातं आणि मिठाचे खडे थर्मोस्टॅटवर आणि सिलिंडरभोवतीच्या वाटांमध्ये बसतात. एकदा घट्ट बसलेलं मीठ नुसत्या नळाच्या पाण्याने विरघळवायला फार वेळ लागतो. धुऊन झालं की इंजिन सरळ उभं ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. मग बोट पाण्यातच नांगरलेली राहणार असेल तर पाय वर उचलून ठेवा. वरचं झाकण काढून आत पाईपने पाणी मारायचा मोह आवरा. तिथे वायरिंग आणि हवेची वाट आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि पाणी हटवणारा स्प्रे हलकासा मारा, एवढं पुरे.

अॅनोड म्हणजे खालच्या पायावर बसवलेले धातूचे ठोकळे. ते झिजण्यासाठीच असतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे, खाडीच्या मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचे, आणि धरणाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. पवना किंवा मुळशीला वापरलेली बोट समुद्रात आणलीत तर अॅनोड बदला, कारण मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार वेगाने संपतं. अर्धा झिजला की नवा. वर्षानुवर्षं अॅनोड जसाच्या तसा राहिला तर खूश होऊ नका: एक तर त्यावर कुणीतरी रंग मारलाय किंवा त्याचा धातूशी संपर्क तुटलाय, आणि त्याच्या जागी तुमचा गियरकेस (खालच्या पायातला गियरचा डबा) झिजतोय.

पेट्रोलचं दुखणं

हा भाग अलीकडे जास्त महत्त्वाचा झालाय. २०२५ पासून देशभर पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा दहा टक्क्यांची लिहिलेली असते. अमेरिकेत तर पंधरा टक्क्यांचं पेट्रोलही बोटीच्या इंजिनात भरायला परवानगी नाही. गाडी आणि बोट यात फरक असा, की गाडीची टाकी आठवड्याभरात रिकामी होते आणि बंदिस्त असते. बोटीची टाकी हवेला उघडी असते, दमट हवेत असते आणि महिनोन्महिने तशीच पडून असते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ओढण्याची क्षमता संपली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्या आतून मऊ पडून सोलवटतात ते वेगळंच.

पंपावर पर्याय नसेल तर निदान इतकं करता येतं. लागेल तेवढंच पेट्रोल भरा आणि पंधरवड्यात संपवा. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर हवाच. त्यातलं पेट्रोल दर महिन्याला एका पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता आणि दहा मिनिटं थांबा. सगळं एकसारखं दिसलं तर ठीक. तळाशी वेगळा थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. वरून नवं पेट्रोल ओतून ते 'मिसळून' जात नाही. नळी आणि हाताने दाबायचा फुगा यांना दोन-तीन वर्षांनी नवं करा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे आणि दाबताना तो बाण वर असला की फुगा लवकर भरतो.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग धापा टाकत बंद पडतं. फुगा चपटा झालेला दिसतो. थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं आणि पुन्हा तेच. या तक्रारीवर लोक कार्ब्युरेटर उघडतात, पंप बदलतात. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. नेताना तो बंद करतात आणि समुद्रात उघडायचा राहून जातो. आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही, बस.

सुटी टाकी भरताना ती बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवा आणि नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेला ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात जाऊन बसते आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची एक ठिणगी तिला पुरते.

गियर ऑइल काय सांगतं

गियर ऑइल बदलायचं दर १०० तासांनी किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. नव्या इंजिनाला पहिल्यांदा २० तासांनी. खालचा स्क्रू काढला की आधी काय येतं ते बघा. पहिले दोन थेंब पाण्याचे आले किंवा तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं आलं, तर आत पाणी शिरतंय. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पंख्याच्या मागे गुंडाळलेला तंगूस. खाडीत जाळ्याचा तुकडा पंख्यात अडकतो, मोठा भाग आपण काढतो, पण बारीक दोरा शाफ्टवर सरकत आत जातो आणि फिरता फिरता सील कापतो. म्हणून महिन्यातून एकदा पंखा पूर्ण काढायचा, दोरा आहे का ते बघायचं, शाफ्टच्या दातांना मरीन ग्रीस लावायचं आणि चिमटा पिन नवीच घालायची. ग्रीस नसेल तर पंखा शाफ्टला असा चिकटतो की काढताना हातोडी लागते.

नवं तेल नेहमी खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून ते बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि आपल्याला भरल्यासारखं वाटतं. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, त्यानंतर खालचा पंप काढून तिथला. दोन्हींना नवे वॉशर. दहा-वीस रुपयांच्या वॉशरवर काटकसर करून गियरबॉक्स खर्ची घालणारे आपल्याकडे कमी नाहीत.

लाल दोरी

आता चालवण्याचं. यात वेगापेक्षा मोठा प्रश्न माझ्या मते त्या लाल गुंडाळीच्या दोरीचा, किल कॉर्डचा आहे. ती ओढली जाऊन स्विचमधून सुटली की इंजिन बंद पडतं. पण दिसते ती स्विचला लावलेली, माणसाला न लावलेली. स्विचमध्ये क्लिप अडकवल्याशिवाय इंजिन चालू होत नाही म्हणून ती तिथे असते. दुसरं टोक मात्र स्टीअरिंगला गुंडाळलेलं. चालवणारा पाण्यात पडला की कुणी न धरलेलं स्टीअरिंग पंख्याच्या बाजूच्या रेट्याने वळतं आणि बोट गोल फिरत पडलेल्या माणसाकडे परत येते. २०१३च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टोजवळ सहा जणांचं कुटुंब अशाच बोटीतून एका वळणात फेकलं गेलं. दोरी अंगाला नव्हती. रिकामी बोट फिरून त्यांच्यावर आली आणि वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना ही दोरी बांधणं सक्तीचं आहे.

दोरी मांडीला किंवा लाइफ जॅकेटच्या पक्क्या कडीला लावा. मनगटाला नको, स्टीअरिंग फिरवताना ती अडकते. दर खेपेला धक्क्यावरच आयडलवर ओढून बघा, इंजिन बंद झालं पाहिजे. आणि दुसरी दोरी बोटीत ठेवा. चालवणारा दोरीसकट पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना इंजिन चालू करून त्याला आणता आलं पाहिजे. त्यातल्या एकाला तरी ते करता यायला हवं, हे निघण्यापूर्वीच बघा.

कुणी पडलं तर ओरडून सांगा, एकाने हाताने त्याच्याकडे दाखवत राहायचं आणि त्याच्यावरून नजर हलवायची नाही. स्टीअरिंग माणूस पडला त्याच बाजूला वळवा म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो. वळसा घेऊन वाऱ्यावर तोंड करून हळू जवळ या, आणि तो हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद करा. न्यूट्रल नव्हे, बंद. बनाना राईड आणि बम्परवाल्यांनी हे दिवसातून पन्नास वेळा करायचं असतं, आणि तिथेच सर्वात जास्त आळस होतो.

लाइफ जॅकेट विकत घेताना घालून, खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. माणसं किती घ्यायची याचा ढोबळ हिशेब: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. सोळा बाय सहाची बोट म्हणजे सहा जण, चालवणारा धरून, तेही शांत पाण्यात. 'पोरं लहानच आहेत' म्हणून नववा-दहावा चढवायचा नाही.

भरती, वारा आणि खडप

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अंदाजाला हे उत्तम, पण खडपातून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांतून, वाट काढताना छापील कोष्टकच बघा. उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे दोन-अडीच मीटर. म्हणजे सकाळी ज्या खडकावरून बिनदिक्कत गेलात, दुपारी तोच पंख्याखाली हातभर अंतरावर असतो. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एकाचा जीव गेला.

नांगराच्या दोरीची चूकही भरतीशीच जोडलेली. समजा पाणी तीन मीटर आहे. पाचपट म्हणून लोक पंधरा मीटर सोडतात. पण बोटीचं तोंड पाण्यापासून मीटरभर वर असतं, आणि भरती अजून तीन मीटर चढणार असते. म्हणजे खरी खोली सात, आणि दोरी हवी पस्तीस मीटर. पंधरा मीटरवर भरतीच्या वेळी नांगर सरळ वर ओढला जातो आणि सुटतो. दोरीच्या टोकाला दोन-तीन मीटर साखळी लावली की नांगर आडवा राहतो. नांगर कायम पुढून टाकायचा. मागून टाकलात तर एवढ्या वजनाच्या इंजिनामुळे आधीच खाली असलेल्या कडेवरून लाटा थेट आत येतात.

हवामानाचं साधं गणित: सकाळी मतलई वारा असेपर्यंत समुद्र पोळपाटासारखा. दुपारनंतर खारा वारा चढतो, फेब्रुवारी ते मे तर जोरातच. म्हणून वाऱ्याविरुद्धची खेप सकाळी करा. खाडीच्या तोंडावर, देवबागला कर्ली नदी मिळते तिथे किंवा दाभोळला, ओहोटीचं बाहेर येणारं पाणी आणि समोरून येणारा वारा भिडले की वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. तिथून चढत्या पाण्यातच जावं. लाटांत बोट उडत असेल तर ट्रिम (इंजिनाचा कल) थोडं आत घ्या, पण वेगात असताना पूर्ण आत नको. तोंड पाण्यात रुतलं की स्टीअरिंग एकाएकी एका बाजूला ओढतं आणि माणसं बाहेर जातात.

पेट्रोल तीन भागांत मोजा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. ६० एचपीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ताशी वीस-बावीस लिटर पितं, चार हजार आरपीएमवर जवळपास निम्मं. व्हीएचएफ रेडिओ असेल तर मदतीसाठी चॅनेल १६. फोन लागत असेल तर तटरक्षक दल १५५४ आणि सागरी पोलीस १०९३. हे आकडे स्टीअरिंगसमोर चिकटवून ठेवा, फोनमध्ये नकोत, फोनच आधी भिजतो.

पावसाळ्याचे तीन महिने

मेच्या शेवटी बोट वर काढली की खरं काम सुरू होतं. इंजिन ऑइल आणि गियर ऑइल ठेवण्याआधी बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती तीन महिने बेअरिंगांवर बसू देण्यात अर्थ नाही. ऑइल मरीन फोर-स्ट्रोकचंच, एफसी-डब्ल्यू लिहिलेलं. गाडीचं उरलेलं ओतू नका. सुट्या टाकीतलं पेट्रोल गाडीत घालून संपवा. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर नळी काढून, पाणी चालू ठेवून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इंजेक्शनच्या इंजिनात हा प्रकार करू नये, पंप कोरडा फिरतो. तिथे स्टॅबिलायझर घातलेलं पेट्रोल दहा मिनिटं फिरवून ठेवा.

तळाचं बूच काढून स्टीअरिंगलाच बांधून ठेवा, सप्टेंबरमध्ये न लावता बोट पाण्यात ढकलली जाऊ नये म्हणून. तोंड वर, मागचा भाग खाली, आणि ताडपत्री अशी की खालून हवा खेळेल. गच्च बांधलेल्या ताडपत्रीखाली बुरशी आणि उंदीर दोघांची चैन होते. इंजिन सरळ उभं. उचलून ठेवलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये पावसाचं पाणी भरतं. स्टीअरिंगचा दांडा पूर्ण आत ओढून ग्रीसच्या निपलमध्ये नवं ग्रीस येईपर्यंत भरा. कोकणात पावसाळ्यानंतर जे स्टीअरिंग दगडासारखं घट्ट होतं, ते बाहेर राहिलेल्या त्या दांड्याच्या गंजाने. बॅटरी काढून घरी ठेवा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा.

सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा लावताना नवा इंपेलर, नवा फिल्टर, धारेचं भोक, टाकीच्या हवेचं भोक आणि बिल्ज पंपाचं तोंड कुंभारणीपासून मोकळं, एवढं बघून पिंपात वीस मिनिटं चालवा. पहिली खेप एकट्याने नाही आणि गर्दीत तर नाहीच. २०२४च्या १८ डिसेंबरला मुंबई बंदरात नीलकमल या प्रवासी बोटीला धडकलेली नौदलाची बोट इंजिनाच्या चाचणीवर होती. तुमची चाचणी मोकळ्या पाण्यात, किनारा दिसतोय तिथपर्यंतच करा. परत आल्यावर पंख्याची नट आणि गियरकेसचे दोन्ही स्क्रू पुन्हा आवळून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या स्क्रूमधून एक थेंब तेल बोटावर घेऊन रंग बघा.